पाचव्या दिवशीचा नमुना

दीनानाथांनी गयाबाईला खुर्चीवरून उठवलं आणि ती खुर्ची कमलपुढे सरकवली.

“तुम्ही बसा. तिला उभं राहायची सवय आहे.”

कमल बसली नाही. तिनं तपासणीचे कागद टेबलावर ठेवले. चौऱ्याऐंशीचा मार्च होता. उत्तरेकडच्या आलमबागच्या या वसाहतीत दहा दिवसांपूर्वी मेसमधली अंडाकरी खाऊन बावीस माणसं आजारी पडली होती. दीनानाथ मेस कमिटीचे सेक्रेटरी. त्यांची सहा वर्षांची मृणालही इस्पितळात होती. गयाबाई मेसची स्वयंपाकीण, अमरावतीकडची; कमल सरकारी प्रयोगशाळेतली जंतुतज्ज्ञ.

“रोग हिच्या हातातून आला, एवढं लिहून द्या. कामावरून काढायची नोटीस मी टाइप करून ठेवलीय.”

“रोगाचा जंतू अंड्यांत सापडला. सरोजिनी नगरच्या पोल्ट्रीतल्या. गयाबाईंच्या नमुन्यात तो नाही.”

“मग माझ्या मुलीला औषध का लागू पडेना?”

कमलनं दोन कागद शेजारी शेजारी मांडले.

“पहिल्या दिवशी मृणालच्या नमुन्यातला जंतू या औषधानं मरत होता. पाचव्या दिवशी तोच जंतू मरेना. पोल्ट्रीत कोंबड्यांच्या खाद्यात हेच औषध रोज मिसळतात. त्यामुळे तिथले साधे, निरुपद्रवी जंतूही त्याला दाद देत नाहीत. ते अंड्यांबरोबर आपल्या पोटात जातात, तिथंच राहतात. मग रोगाचा जंतू शेजारी आला, की दाद न देण्याचा गुण त्यालाही देतात. मी दोन्ही जंतू एकत्र वाढवून पाहिले. दुसऱ्या दिवशी रोगाचा जंतू औषधात आरामात वाढत होता.”

“असे साधे जंतू हिच्या पोटात आहेत?”

“आहेत.”

“सापडलं ना!” दीनानाथांनी टेबलावर हात आपटला.

“तुमच्याही पोटात आहेत. वसाहतीतल्या ज्या सात जणांचे नमुने घेतले, त्यांतल्या सहांत आहेत.”

खोलीत बसलेले कमिटीचे दोन सभासद खिडकीबाहेर पाहू लागले. दीनानाथांचा चेहरा लाल झाला.

“तुम्ही नागपूरच्या ना? अच्छा. मग आपल्या माणसाला सांभाळणारच.”

कागदांच्या कडेवर कमलची बोटं थांबली. तिनं कागद सरळ केले.

“आडनाव विचारायचं असेल तर सरळ विचारा. नाहीतर हा फॉर्म पूर्ण करू. आजारी पडण्याआधी मृणाल कुठं जेवली?”

“मेसमध्ये. लिहा.”

“घरी,” दारातून आवाज आला. दीनानाथांची बायको लीलावती इस्पितळातून थेट इथं आली होती. पदर घामानं मानेला चिकटला होता.

“लीला, तू मध्ये बोलू नकोस.”

“ती मेसमध्ये एकदाही जेवलेली नाही. या बाईच्या हातचं तिला द्यायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. रोज सकाळी अंडं मीच उकडून देते. अर्धं कच्चंच आवडतं तिला. त्याच पोल्ट्रीतलं. मेसलाही ती पोल्ट्री तुम्हीच लावून दिलीत.”

कमलनं फॉर्मवर एक शब्द लिहिला.

“पोरगी कशी हाय?” गयाबाईनं विचारलं. तासाभरात ती पहिल्यांदाच बोलत होती.

“काल ताप उतरला. या ताईंनी सांगितलेलं दुसरं औषध लागू पडलं.”

गयाबाईनं मान हलवली. कमरेला खोचलेली मेसची किल्ली काढून तिनं टेबलावर, टाइप केलेल्या नोटिशीवर ठेवली.

“बाई, तुम्हाला कोणी जायला सांगितलेलं नाही,” दीनानाथ खाली पाहत म्हणाले. “उद्या सकाळी या.”

“दुसरी बघा, साहेब.”

कमलनं फॉर्म त्यांच्याकडे वळवला. “इथं पालकांची सही लागेल.”

दीनानाथांनी खिसा चाचपला. लीलावतीनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्यापुढे धरून ठेवलं.

सही होते की नाही, हे पाहायला गयाबाई थांबली नाही.