लाल सतरा

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू बदलायचा असला की मैदानाच्या कडेला उभा असलेला चौथा पंच जी दिव्यांची पाटी डोक्यावर धरतो, ती मी. बाहेर येणाऱ्याचा आकडा माझ्यावर लाल उजळतो, आत जाणाऱ्याचा हिरवा. ठरवतो प्रशिक्षक, आकडा दाबतो पंच आणि लोक बोटं मोडतात माझ्या नावानं! मित्रांनो, मी रागीट आहे असं तुम्हाला वाटेल. आहेच मी. का ते ऐका.

कारखान्यात मला गार, कोरड्या खोलीत तपासलं आणि पाठवलं कुठे, तर सौदीतल्या जेद्दाला! इथली समुद्राची हवा इतकी दमट की सकाळी माझ्या काचेवरून पाणी ओघळतं. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या तारा गंजल्या. मला फेकूनच देणार होते, पण स्टेडियमच्या विजेची कामं बघणारा नाशिकचा उन्मेष आडवा आला. शराफिया बाजारातल्या दुकानातून त्यानं तार आणली, माझं पोट उघडून सगळी दुरुस्ती केली आणि म्हणाला, "चल बाई, पेट आता." मी पेटले. त्याचे उपकार मी विसरलेली नाही, म्हणून तर त्याचा राग जास्त येतो.

टॉबी हॅलोरन आमच्या क्लबात आला तेव्हा त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावचा हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं पळणारा खेळाडू. अंगावर सतरा नंबर. माझा हिरवा सतरा पहिल्यांदा पेटला तेव्हा सामना संपत आला होता आणि लोक गाड्यांकडे निघाले होते. टॉबीनं चेंडू बचावपटूच्या एका बाजूनं ढकलला, स्वतः दुसऱ्या बाजूनं गेला आणि तो बिचारा वळेपर्यंत हा गोलसमोर! निघालेले लोक जिन्यातच थांबले. "यल्ला! यल्ला!" म्हणजे "चल, चल!" असा एकच गिल्ला झाला.

त्यानंतर हिरवा सतरा दिसला की समोरचा बचावपटू कपाळाला हात लावायचा. लवकरच टॉबी सुरुवातीपासून खेळू लागला. शेवटी माझा लाल सतरा उजळे तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत. लाल आकड्याला टाळ्या मिळालेल्या मी दुसऱ्या कोणाच्या वेळी पाहिल्या नाहीत. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. मीही खूश होते, कशाला खोटं बोलू?

पण पळणाऱ्याचं सगळं धन मांडीच्या मागच्या स्नायूत असतं. टॉबीचा तो स्नायू दुखू लागला. क्लबचा फिजिओ यासीन हैदराबादचा. सामना नसला की तो उन्मेषजवळ येऊन बसे. एकदा चहा पिताना म्हणाला, "उन्मेषभाई, इसको आराम होना. ऐसेच दौडाए तो पैर फट जाएगा." त्यानं हेच प्रशिक्षकालाही सांगितलं होतं. प्रशिक्षक म्हणाला, सेमीफायनल होऊ दे, मग बघू.

सेमीफायनलला बरोबरी होती. टॉबी लंगडायला लागला. त्यानं हात वर करून बोट गोल फिरवलं. मला बदला, अशी ती खूण. पंचानं मला उचललं, लाल सतरा पेटवला. टॉबीनं तो पाहिला, मान हलवली आणि तो बाहेर यायला निघाला. एवढ्यात आमच्या संघाला थ्रो-इन मिळाला आणि प्रशिक्षक ओरडला, "थांबा! एवढा एक चेंडू!" पंचानं मला खाली ठेवलं. गवतावर, पालथी! प्रशिक्षकानं टॉबीला हातानं मागं ढकलल्यासारखं केलं, वर ओरडला, यल्ला!

तो पळाला. शेवटचा पळाला. चेंडू गोलसमोर टाकला, कोणीतरी तो आत मारला आणि स्टेडियम दणाणलं. सगळा संघ गोल करणाऱ्याच्या अंगावर पडला. उन्मेष तर माझ्या शेजारीच उड्या मारत होता. आणि टॉबी कोपऱ्यात मांडी धरून पडला होता. एकानं, अहो, एका माणसानं तिकडे पाहावं की नाही? स्ट्रेचरवालेसुद्धा नाचत होते. यासीन एकटा धावला आणि त्याला पाठीवर घेऊन बाहेर आला. माझ्या पोटाखाली गवतात लाल सतरा तसाच जळत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पाय कुठले?

दुसऱ्या दिवशी सगळीकडे टॉबीचं कौतुक. हंगाम संपल्यावर करार संपला आणि क्लबनं तो पुढे वाढवला नाही. उन्मेष यासीनला म्हणाला, "खलास. पैर गया, तो आदमी गया. अपना इकामा भी ऐसाच है." इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना; काम सुटलं की तोही सुटतो.

वर्षभरानं टॉबी पुन्हा आमच्या मैदानावर आला, एका लहान क्लबाच्या कपड्यांत, पण अंगावर तोच सतरा. वेग कमी झाला होता, तरी बचावपटू अजून दबकून होते. उत्तरार्धात त्याचा हात वर गेला. बोट गोल फिरलं. त्याच्या नव्या प्रशिक्षकानंही तेच केलं. थांब, आत्ता नाही!

टॉबी थांबला नाही. मी जमिनीवर, विझलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ चालत रेषेबाहेर आला आणि बाकावर बसून बूट सोडू लागला. परवानगीशिवाय मैदान सोडलं म्हणून पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. नियम आहे म्हणे! पाय फाडणाऱ्याला कार्ड नाही, पाय वाचवणाऱ्याला आहे! ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेच शिट्ट्या मारू लागले. मग घाईघाईनं मला उचलून लाल सतरा पेटवला, केव्हाच बाहेर बसलेल्या माणसासाठी. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आणि उन्मेष! तोही ओरडला, "पळपुटा साला!" मग यासीनकडे वळून तणतणला, "हम नहीं आते क्या दर्द में काम पे? मेरी कमर देखो!"

यासीन टॉबीकडेच बघत होता. म्हणाला, "अपने पैरों पे चलके गया ना, उन्मेषभाई. पिछली बार मैं उठाके लेके गया था."

उन्मेषचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी हात वर करून "दुखतंय" म्हणालं, तर आधी त्याच्याकडे बघा. आणि दुखणारे तुम्हीच असाल, कोणी ऐकत नसेल, तर चालता येतंय तोवर बाहेर या. पाटीची वाट बघू नका. मी दुसऱ्याच्या हातात असते.