बॅनरखाली झाकलेली पाटी

हॉलमध्ये शिरण्यापूर्वी बूट काढताना तुम्ही ज्या दगडावर हात टेकता, त्या दगडावरची पाटी बोलतेय मी. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या खाणीच्या गावाच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपून लाल माती सुरू होते, तिथे हा हॉल आहे. मी ब्राँझची. मोठ्या ताटाएवढी, पण चौकोनी. माझ्यावरची अक्षरं इंग्रजी आहेत. मराठी मी तुमच्याकडूनच शिकले. तुमचे गणपती, तुमची दिवाळी, आणि या पायऱ्यांवर बसून तुम्ही मारलेल्या गप्पा, एवढीच माझी शाळा.

आज तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे मान खाली घालून बोलावं लागणार. पाटीला मान नसते, हे बरं आहे.

माझा जन्म पर्थच्या एका फाउंड्रीतला. माझ्यावर काय लिहायचं ते एका कचेरीत आधीच ठरून आलं होतं. ज्यानं मला ओतलं त्यानं ते वाचलंसुद्धा नाही, कारण साच्यात अक्षरं उलटी असतात. मला घासून चकचकीत केलं, ट्रकमधून इथे आणलं आणि दगडावर बसवलं. एका साहेबांनी माझ्यावरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. मला वाटलं, आपला जन्म फार मोठ्या कामासाठी झालाय.

ते काम काय होतं, ते मला हळूहळू इथे येणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून कळलं.

हा हॉल पूर्वी कॉलेज होतं. या मातीतल्या मूळच्या माणसांचं, जी स्वतःला अभिमानानं ब्लॅकफेला म्हणवतात, त्यांचं कॉलेज. सत्तरच्या दशकात इथल्या काही बायकांनी ते सुरू केलं. त्यातल्या एकीचं नाव आयव्ही. तिच्या सासूला हॉस्पिटलात कोणाची भाषा कळली नव्हती आणि कोणाला तिची कळली नव्हती, आणि त्यातच ती गेली. आयव्ही म्हणाली, आता आपल्याच नर्सा तयार करायच्या. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी पडीक हॉल मागून घेतला, झाडला, खिडक्यांना काचा बसवल्या. वाळवंटातल्या दूरदूरच्या वस्त्यांमधून बस भरून मुलं-माणसं आणली. रात्री सगळे व्हरांड्यात झोपत. मोठ्या पातेल्यात कांगारूच्या शेपटीचा रस्सा शिजे आणि त्याच्याच शेजारी टायपिंगचा वर्ग चाले. इथे शिकलेल्या बायका पुढे नर्सा झाल्या, बालवाडीत शिकवू लागल्या. मग वरून येणारी मदत थांबली आणि कॉलेज बंद पडलं. हॉल भाड्यानं देऊ लागले, आणि कॉलेजची आठवण म्हणून दाराशी मला बसवलं.

आणि माझ्यावर काय लिहिलंय? तुम्ही वाचलं नसेल, म्हणून सांगते. वर एका मंत्र्यांचं नाव. खाली कॉलेजच्या कागदोपत्री अध्यक्षांचं. मधे लिहिलंय की त्या अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे हे कॉलेज उभं राहिलं, ‘स्थानिक महिलांच्या सहकार्याने’.

सहकार्याने! ते अध्यक्ष इथे फक्त बक्षीस समारंभाला यायचे. आयव्हीचं नाव माझ्यावर कुठेच नाही. मी तिच्या कामाची आठवण म्हणून इथे उभी आहे आणि माझ्या अंगावर तिचं नाव नाही, ही लाज मला पहिल्याच वर्षी वाटली.

कारण पहिल्याच वर्षी आयव्हीची मुलगी आली. लॉरेल. तिला सगळे आंटी म्हणतात, म्हणून मीही आंटी म्हणते. त्या इथेच शिकल्या आणि पुढे हॉस्पिटलात नर्स म्हणून निवृत्त झाल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, “बरं.” मग गाडीतून घडीच्या खुर्च्या काढल्या. त्या दिवसापासून दर सप्टेंबरात एका शनिवारी कॉलेजची जुनी माणसं माझ्याभोवती खुर्च्या मांडून बसतात. हॉल त्यांचा राहिला नव्हता. पाटीपाशी बसायला तर कोणाची परवानगी लागत नाही, असं त्यांना वाटायचं. थर्मासमधला चहा, भरपूर हसणं, थोडं रडणं, आणि घरी.

त्यांच्यात एक म्हातारबाबा असायचे. लॉरेल आंटींचे भाऊ. तुम्ही त्यांना चुलत भाऊ म्हणाल, त्यांच्यात तो भाऊच. पहिल्या तुकडीत शिकले आणि मग वर्षानुवर्षं कॉलेजची बस चालवली. त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांच्या लोकांत माणूस गेला की त्याचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत.

आता मागच्या वर्षीच्या गणपतीकडे येते.

त्या वर्षी तुमचा कार्यक्रम आणि त्यांचा शनिवार एकाच दिवशी आला. सकाळी तुमच्या मराठी मंडळाच्या लोकांनी फ्लेक्सचा मोठा बॅनर आणला. त्यावर गणपती, खाली मंडळाचं नाव. दारातून येणाऱ्याला दिसावा म्हणून तो नेमका माझ्या दगडाला बांधला. मला काही दिसेना. नुसतं ऐकू येत होतं.

आरतीच्या थोडं आधी खुर्च्यांचा ओळखीचा आवाज आला. आणि मग यतिनचा. यतिन म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, खाणीत आयटीत काम करणारा, धावपळ करणारा पोरगा.

“सॉरी, आज हॉल बुक्ड आहे. प्रायव्हेट फंक्शन आहे.”

“आम्हाला हॉल नकोय,” आंटी म्हणाल्या. “आम्ही पाटीपाशी बसतो. दरवर्षी.”

“कुठली पाटी?”

“त्या तुमच्या हत्तीच्या मागे बघ.”

यतिनचा आवाज बदलला. “तो हत्ती नाही. आमचा देव आहे.”

“चुकलं माझं, राजा. देवाला राहू दे. जरा बाजूला सरकव, म्हणजे झालं.”

“पूजा चालू आहे. आता हलवता येणार नाही.”

फ्लेक्सची पूजा होत नसते, हे इतक्या वर्षांत मलासुद्धा कळलंय.

तेवढ्यात मुरलीधर बाहेर आले. मंडळाचे अध्यक्ष, खाणीतले इंजिनिअर, एरवी शांत माणूस. “काय झालं रे?”

“काही नाही काका. हे लोक इथे बसायचं म्हणतायत. आपल्या गाड्या येणार, बायका-मुलं आहेत आपली...”

बायका-मुलं! समोर कोण होतं, ते मला बॅनरखालूनही ठाऊक होतं. हातात थर्मास घेतलेल्या म्हाताऱ्या बायका आणि व्हीलचेअरमध्ये बसलेले, ठेवणीतली हॅट घातलेले ते म्हातारबाबा.

मुरलीधर म्हणाले, “वाद नको घालूस. हॉलच्या नंबरवर फोन कर, ते बघतील.” आणि आरतीला आत गेले.

हॉलचा रखवालदार आला. सभ्यपणे बोलला. बुकिंगमध्ये आवारसुद्धा येतं म्हणाला. आंटी त्याच्याशी भांडल्या, पण भाऊच म्हणाले, “चल लॉरेल. हे काय पहिल्यांदा होतंय का?” खुर्च्या मिटल्याचे आवाज आले. आतून टाळ-झांजा सुरू झाल्या.

मी बॅनरखाली होते. समजा, वाऱ्यानं बॅनर उडाला असता. समजा, यतिननं मला वाचलं असतं. तरी माझ्यावर असं काय होतं, की ज्याच्याकडे बोट दाखवून आंटी म्हणू शकल्या असत्या, हे बघ, ही माझी आई? काहीच नव्हतं. साक्षीला उभी केलेली मी, आणि माझी साक्षच खोटी.

पुढचं मला नोव्हेंबरात कळलं. इथला उन्हाळा सुरू झाला होता. एका दुपारी आंटी एकट्याच आल्या आणि खुर्ची मांडून बसल्या. थोड्या वेळानं चित्रलेखा आली. चित्रलेखा ही मुरलीधरांची बायको, हॉस्पिटलात किडनीच्या वॉर्डात डॉक्टर. तिनंच आंटींना निरोप पाठवून भेट मागितली होती, आणि जागा आंटींनी सांगितली होती.

ती उभीच राहिली. “आंटी, तुमचे भाऊ डायलिसिसला माझ्याकडे यायचे.”

“माहीत आहे.”

“त्या शनिवारनंतर सोमवारी ते आले. मी विचारलं, वीकेंड कसा गेला? ते म्हणाले, माझ्या कॉलेजला गेलो होतो, हाकलून लावलं. मी विचारलं, कोणी? ते म्हणाले, इंडियन लोकांचा एक घोळका होता, हत्तीचं चित्र लावलेला.” “मी त्या वेळी आत मोदक वाफवत होते. मला बाहेरचं काही कळलं नव्हतं. पण तेव्हा, त्यांच्यासमोर कळलं. आणि मी त्यांना म्हटलं नाही, की ते आम्हीच. मी म्हणाले, अरेरे, वाईट झालं. मग मशीनचे आकडे बघत बसले.”

चित्रलेखा बोलतच राहिली.

“दर फेरीला ठरवायचे, आज सांगू. मग वॉर्डात गडबड असायची. खरं म्हणजे गडबड नसायची. आणि मग ते गेले.”

“त्याला माहीत होतं,” आंटी म्हणाल्या.

“काय?”

“त्यानं तुला खिडकीतून पाहिलं होतं. हिरवी साडी. ती माझी डॉक्टर, मला म्हणाला. म्हणून तर तुला सांगितलं त्यानं. तुला बोलता यावं म्हणून.”

चित्रलेखा खाली बसली. मातीतच, साध्या कपड्यांत, हॉस्पिटलचं कार्ड गळ्यात तसंच. रडू लागली.

“माझ्यासमोर रडू नकोस गं,” आंटी म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, मऊही नव्हता. “तो तुझ्यावर रागावला नव्हता. मी रागावलेय. माझ्या रागाचं मी बघीन. तू तुझ्या माणसांकडे जा.”

ती गेली तिच्या माणसांकडे. मंडळाची मीटिंग याच पायऱ्यांवर झाली, कारण आत एसी बंद होता. तिनं सगळं सांगितलं. यतिन चिडला. “आपण काय मुद्दाम केलं का काकू? कोणाला माहीत होतं इथे काय होतं ते? कुठे धड लिहिलंय तरी?”

मी ऐकत होते, आणि त्याचं म्हणणं माझ्या जिव्हारी लागलं. कुठे धड लिहिलंय?

“मला माहीत असायला हवं होतं,” मुरलीधर म्हणाले. फार हळू. “एवढी वर्षं मी या दगडाला टेकून बूट काढतोय. मला ते लोक कोण, हे विचारायचंच नव्हतं. फोन कर म्हणालो ना मी.” यतिननं मान वळवली. कोणी कोणाची समजूत घातली नाही.

या वर्षी आंटींच्या शनिवारी आवार रिकामं होतं. मंडळानं बॅनर मागच्या कुंपणाला लावला आणि गाड्या रस्त्यावर. आंटी आल्या, पण त्यांच्यातल्या सगळ्या नाही आल्या. एकीनं साफ सांगितलं होतं, मला त्या लोकांचं तोंड बघायचं नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चित्रलेखा लांबूनच हात जोडून आत गेली. यतिन प्रसादाच्या ताटल्या घेऊन आला, कोणाच्या नजरेला नजर न देता. आंटींनी मोदक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “साखर जास्त आहे का? डायबेटिस आहे मला.” तो म्हणाला, “गूळ आहे, आंटी.” त्या म्हणाल्या, “गुळानं काय होतं?” आणि अर्धा खाल्ला.

मग यतिननं मला पहिल्यांदा वाचलं. ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानं विचारलं, “आंटी, यात तुमची आई कुठेय?”

आंटींनी त्याला खुर्ची दिली आणि सांगायला सुरुवात केली.

हॉल ज्या कचेरीचा, तिनं आता मला काढायचं ठरवलंय. माझ्या जागी नवी पाटी येईल. तिच्यावर काय लिहायचं, यावर कॉलेजच्या जुन्या माणसांच्या घरांमध्ये अजून वाद चालू आहे. कोणाची नावं, कुठल्या भाषेत, भावाचं नाव आत्ता की काही वर्षांनी. कचेरीला घाई आहे. आंटींना नाही. माझं काय करायचं तेही ठरलेलं नाही. कोणी म्हणतं वितळवा, कोणी म्हणतं संग्रहालयात ठेवा. मला विचाराल तर वितळवा. माझ्या धातूची नवी अक्षरं झाली तर फार बरं, पण ते मी मागणार नाही. मागण्याचा हक्क मला नाही.

तुम्हाला मात्र एक मागते. नवी पाटी आली की तिच्यापाशी कोणी खुर्च्या मांडून बसलेलं दिसेल. आत आरती सुरू झाली असेल, हातात ताट असेल, मुलं ओढत असतील. तरी थांबा. बसायला जागा आहे का, एवढं त्यांना विचारा. त्या नाही म्हणाल्या, तर नमस्कार करून आत जा. हो म्हणाल्या, तर बसा, आणि त्या बोलतील ते ऐका.