रागावर तापणारी गाडी

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे होयबा म्हणत. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने चंद्र चौकोनी आहे म्हणून सांगितलं, तर हा कात्री चालवता चालवता म्हणायचा, "होय, आणि कोपरे जरा वाढलेतच." वीस वर्षं असा धंदा केल्यावर त्याच्या तोंडून 'नाही' निघायचंच बंद झालं होतं.

त्याला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. घरात तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. ती बोलायची, बाकीचे माना डोलवायचे, आणि राग अनावर झाला की ती उजवा पाय दाणकन आपटायची. त्या दणक्याने खालच्या मजल्यावरची बंद पडलेली घड्याळं पुन्हा चालू व्हायची, असं खालचे लोक शपथेवर सांगत. होयबाची तीन लग्नं तिने अशीच पाय आपटून मोडली होती. एकीचं हसू फार लांबतं म्हणून, दुसरीचा बाप खुर्चीत बसताना 'हुश्श' करतो म्हणून, आणि तिसरीला तर छत्री मिटण्याच्या पद्धतीवरूनच बाद केलं होतं.

चौथी मात्र होयबाने स्वतः शोधली होती. ती इलेक्ट्रिशियन होती. सलूनमधला ड्रायर दुरुस्त करायला आली, पाच मिनिटांत ड्रायर सुरू झाला आणि होयबा बंद पडला. बाईचं बोलणं एक घाव दोन तुकडे.

"रविवारी तुमच्या आत्याला आमच्या गावी, घरी घेऊन या," ती म्हणाली. "त्या हो म्हणाल्या तर लग्न. नाही म्हणाल्या तर तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या. सदतीस वर्षांची आहे मी, परत परत मुलाखती द्यायला बसणार नाही."

"होय," होयबा म्हणाला, आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

रविवारी सकाळी थंडी अशी पडली होती, की शिंक जमिनीवर पडून फुटत होती. होयबाने आत्याला आपल्या विजेच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसवलं, मांडीवर भेटीची चॉकलेटं दिली आणि हीटरचं बटण दाबलं. आतून आणखी गारठाच आला. सर्व्हिस सेंटरवाल्याने दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, "हीटर गेलाय. नवा येईल." "कधी?" "येईल की." यावर होयबा "होय" म्हणून घरी आला होता.

"इंजिन गरम होईल ना रे आता?" आत्याने विचारलं.

"आत्या, हिला इंजिनच नाही. बॅटरीवर चालते. उबेसाठी वेगळा हीटर असतो."

"मग लाव की."

"तो बिघडलाय."

"म्हणजे मला फ्रिजमध्ये घालून फिरवतोयस?"

"होय आत्या."

रस्ता सत्तर किलोमीटरचा, त्यातून घाटाचा. आठव्या किलोमीटरला दोघांच्या श्वासांनी समोरची काच अशी धुरकटली, की होयबाला रस्ता सोडा, स्वतःचं स्टिअरिंगही नीट दिसेना. सलूनमधला नॅपकिन घेऊन तो काच पुसायचा, ती पुन्हा पांढरी व्हायची.

"पुरे झालं," आत्या म्हणाली. "फिरव गाडी मागे."

मागे फिरलो की संपलंच सगळं, हे होयबाच्या ध्यानात आलं आणि घाबरून त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "नाही."

"काय म्हणालास?"

दाणकन! आत्याचा पाय आपटला, आणि डॅशबोर्डमधून घुर्रर्र करत गरमागरम वारा सुटला. काच लख्ख झाली. समोर वळण होतं. होयबाने गाडी वळवली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पण पाचच मिनिटांत आत्या शांत झाली, हीटरही शांत झाला आणि काच पुन्हा पांढरी.

"आत्या," होयबा लाडीगोडी लावत म्हणाला, "जरा पाय आपट ना."

"मी काय नाचायला आलेय?" म्हणत तिने शालीत पाय गुंडाळून घेतले.

म्हणजे तिला राग आणण्यावाचून इलाज नव्हता. तिला चिडवलं नाही तर गाडी दरीत जाणार, आणि चिडवलं तर लग्न. ज्याने जन्मात कोणाला दुखवलं नाही, त्याने काच पुसली आणि सुरुवात केली.

"तुझ्या स्वेटरचा रंग जरा..."

"जरा काय?"

"जरा भोपळ्यासारखा वाटतो."

दाणकन! घुर्रर्र!

हीटर बॅटरी खातो, हा आणखी एक ताप होता. स्वेटरने दोन टक्के खाल्ले. आतोबांचं घोरणं काही एवढं वाईट नाही, या वाक्याला चार टक्के लागले. शेवटच्या चढावर मात्र काच इतकी दाट झाली, की होयबाने डोळे मिटून मोठं हत्यार काढलं. "खरं सांगू का आत्या? तुझ्या धाकट्या जावेच्या हाताला तुझ्यापेक्षा चव आहे."

नऊ टक्के गेले. चॉकलेटांचा वितळून एकच गोळा झाला. रस्त्याकडेच्या तीन वठलेल्या झाडांना पालवी फुटली, असं मागच्या ट्रकवाल्याने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

तीन टक्क्यांवर गाडी पोचली. फाटकाशी इलेक्ट्रिशियन उभी होती, शेजारी तिचे वडील.

"मी उतरणार नाही!" आत्या आतून ओरडली. "लग्न नाही नि बिग्न नाही! हा गधडा बिघडलाय आणि ही गाडीही!"

"गाडी बघू," ती म्हणाली. तिने आत्याच्या बाजूचं दार उघडलं, खाली बसली आणि पायाखालची चटई उचलली. "ही हीटरला हुकूम देणारी तार. जोड सैल झालाय. पाय आपटला की टेकतो, हादऱ्याने सुटतो. नव्या हीटरची गरजच नाही." मग तिने होयबाकडे पाहिलं. "पाय आपटला की चालतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय," होयबा म्हणाला. "आठव्या किलोमीटरपासून."



"म्हणजे वाटभर मला मुद्दाम चिडवत होतास?" आत्याने हळू आवाजात विचारलं.

"होय आत्या."

दाणकन!

"अहो, पाय कशाला आपटता? तोंड आहे ना?" खालून आवाज आला. "माझं बोट चेचलं असतं आत्ता."

आत्याशी असं आजवर कोणी बोललं नव्हतं. "मला उलटून बोलतेस?"

"सरळच बोलतेय. तुम्हाला उलटं ऐकू येतंय."

"ऊठ तिथून!"

"जोड घट्ट केल्याशिवाय उठणार नाही." तिने तो केला, उठली, वळसा घालून आली, होयबाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसून दार लावून घेतलं. "हं. आता बोला."

बाहेर होयबा आणि तिचे वडील थंडीत कुडकुडत उभे राहिले. काचेआड चार हात हवेत नाचत होते. स्वेटर, छत्री, जाऊ असे शब्द फटीतून निसटत होते. होयबाला आपलं चौथं लग्न डोळ्यांदेखत मोडताना दिसत होतं.

"तीन टक्क्यांत हे भांडण पुरायचं नाही," म्हणत वडिलांनी घरातून लांब केबल आणून गाडीला लावली. "काय हो, तुमची जास्त ओरडते की आमची?"

"होय," होयबा म्हणाला.

तासाभराने काच दोन बोटं खाली आली. आतून उबेचा लोट बाहेर पडला. आत्याचे गाल लाल, डोळे चमकत होते.

"चाळीस वर्षांत माझ्याशी कोणी धड भांडलं नाही," ती म्हणाली. "सगळे मेले माना डोलवतात. ही पोरगी एक शब्द खाली पडू देत नाही!"

"म्हणजे... होकार?"

"तारीख कधीच ठरली. सकाळी करायचं की संध्याकाळी, यावर चाललंय. तू मध्ये तोंड घालू नकोस, ऊब जाते."

काच वर गेली. वडिलांनी आपल्या हातातला एक हातमोजा काढून होयबाला दिला.

"घाला जावईबापू," ते म्हणाले. "सकाळ की संध्याकाळ हे ठरेपर्यंत वेळ लागेल. आमची सकाळवर अडून बसलीय."