साक्षीची आता गरज नाही

त्या दिवशी इशिताने माझा काळा कोट घातला होता. तिच्या कपाटात सगळे ट्रॅकसूट आणि जीन्स, कोर्टात घालण्यासारखं काही नाही. खरं म्हणजे आम्ही कोर्टात चाललोही नव्हतो. नोकरीवरून काढलेल्या माणसांच्या तक्रारी ऐकून घेतात असं डब्लिनमधलं एक ऑफिस होतं ते, पण शपथ घ्यायची, साक्ष द्यायची म्हटल्यावर आमच्या लेखी ते कोर्टच. शपथेला आपला धर्मग्रंथ चालतो असं कळल्यामुळे नरेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरातली छोटी गीता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतली होती. टॅलाच्या आमच्या घरून निघताना त्याने इशिताला देवापुढे उभं केलं. एरवी डोळे फिरवून "बाबा, प्लीज" म्हणणारी मुलगी त्या दिवशी मुकाट्याने वाकली. मला ते बघून बरं नाही वाटलं.

इशिता आमच्याशी इंग्रजीत बोलते, तेही अस्सल आयरिश ढंगाच्या. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो. इथे मी तिचं आणि बाकीच्यांचं बोलणं मराठीतच लिहिते, नाहीतर माझीच दमछाक व्हायची.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आम्हालाच शेवटपर्यंत नीट उमगली नाही. केस इशिताची नव्हती. केस फिनटनची होती. फिनटन हा तिच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा कोच. इथला फुटबॉल हाताने आणि पायाने, दोन्हींनी खेळतात, आणि धक्काबुक्की पुष्कळ. गेल्या वर्षी एका मॅचमध्ये दुसऱ्या मुलीचा गुडघा इशिताच्या डोक्यावर बसला. हाफटाइमला तिने फिनटनला सांगितलं, "मला दोन दोन बॉल दिसतायत." तो म्हणाला, "यू आर ग्रँड," म्हणजे तुला काही झालेलं नाही, आणि तिला परत मैदानात पाठवलं. थोड्या वेळाने डोक्याला पुन्हा मार बसला, आणि या वेळी ती उठली नाही.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या डोक्यांचे स्कॅन बघते. इशिताचा स्कॅन स्वच्छ होता, आणि तरीही माझी मुलगी कित्येक महिने पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत पडून होती. तिला वाचता येत नव्हतं, उजेड सहन होत नव्हता. तिचं वर्ष बुडालं. युनिव्हर्सिटीने चौकशी केली आणि फिनटनला काढून टाकलं. त्यावर फिनटनने युनिव्हर्सिटीवरच केस घातली: मला अन्यायाने काढलं, त्या मुलीने मला काहीही सांगितलं नव्हतं.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते त्या एका वाक्यावर. टीममधल्या मुलींना विचारलं, तर कुणीच काही ऐकलं नव्हतं. ऐकलं नसेलही. हाफटाइमला वीसेक मुली एकदम बोलत असतात. पण फिनटन त्यांचा लाडका होता, तो गेला आणि टीम हरायला लागली, आणि त्याचं खापर इशितावर फुटलं. तिला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. एकदा दुकानात तिच्याबरोबर खेळणारी एक मुलगी समोरून आली आणि आम्हाला बघून दुधाच्या फ्रिजपाशीच मागे वळली. इशिता म्हणाली, "तिला वाटतं मी खोटं बोलतेय. सगळ्यांनाच वाटतं." मी म्हटलं, वाटू दे. पण मलाही माहीत होतं की वीस वर्षांच्या मुलीला असं 'वाटू दे' म्हणता येत नाही.

म्हणून ती सुनावणीची वाट बघत होती. तिला फिनटनला शिक्षा वगैरे नको होती. त्याच्यासमोर, शपथेवर, एकदा ते वाक्य बोलायचं होतं, आणि ज्याचं कामच ऐकून घेणं आहे अशा माणसाने ते ऐकायला हवं होतं. "मग त्यांनी माझ्यावर विश्वास नाही ठेवला तरी चालेल," ती म्हणायची. ते अर्थातच खरं नव्हतं.

युनिव्हर्सिटीची वकील होती ग्रॉनिया. फार गोड बाई. फोनवर आधी इशिताची झोप कशी आहे विचारायची, मग कामाचं. आम्ही तिला 'आपली ग्रॉनिया' म्हणायला लागलो होतो. दिवाळीत मी तिच्या ऑफिसात जाऊन फराळाचा डबा देऊन आले, चकल्या, शंकरपाळे, सगळं. आपली केस लढवतेय बिचारी, तोंड गोड करायला नको?

ग्रॉनियाने बजावलं होतं की साक्षीची घोकंपट्टी करू नका. पण आमचं घर दोन डॉक्टरांचं. आम्ही आयुष्यभर तोंडी परीक्षा देत आलेलो, तयारी न करता कुठे जाणं आम्हाला जमतच नाही. रोज जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि इशिताला बसवायचं. नरेंद्र फिनटनचा वकील व्हायचा. माणसांना भूल देणं हे त्याचं काम, आवाज जात्याच मऊ, त्यामुळे तो उलटतपासणीतही "बाळा, जरा आठवून सांग हं" म्हणायचा. मग मी त्याला उठवून स्वतः बसायचे. तू उभी कुठे होतीस? तो कुठे होता? त्याच्या हातात काय होतं? डोक्याला मार लागला होता ना, मग तुला नक्की कसं आठवतं? पहिल्या दिवशी ती रडली. नंतर नंतर ती न अडखळता उत्तरं द्यायला लागली, तेच शब्द, त्याच क्रमाने. आम्ही खूश. नरेंद्र म्हणाला, "आता हिला कुणी हलवू शकणार नाही."

तर त्या दिवशी आम्ही तिघं त्या ऑफिसच्या पॅसेजमध्ये खुर्च्यांवर बसलो. एका बाजूच्या खोलीत ग्रॉनिया आणि युनिव्हर्सिटीची माणसं, समोरच्या खोलीत फिनटन आणि त्याचा वकील. सुनावणीची वेळ झाली तरी कुणी बोलावेना. फिनटनचा वकील बाहेर आला, ग्रॉनियाच्या खोलीत गेला. मग ग्रॉनिया त्यांच्या खोलीत गेली. पुन्हा तो इकडे आला. इशिता ओठ हलवत मनात उजळणी करत होती. नरेंद्र तिच्यासाठी मशीनमधून पाणी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "काहीतरी शिजतंय." तो म्हणाला, "अगं, इथली पद्धत असेल."

पद्धतच होती. अशा केसेस आत जायच्या आधी दाराबाहेरच मिटतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं म्हणे. आम्हाला नव्हतं.

ग्रॉनिया बाहेर आली ती हसत. इशिताच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला.

"छान बातमी आहे," ती म्हणाली. "मिटलं सगळं. तुला आत जावं लागणार नाही. एक शब्दही बोलावा लागणार नाही."

लॉटरी लागल्याचं सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

इशिता म्हणाली, "पण मला बोलायचंय."

"मला कळतं गं. पण आता सुनावणीच होणार नाही. साक्षीची गरज नाही."

"मिटलं म्हणजे काय मिटलं?" मी विचारलं.

रक्कम गुप्त होती. अटी गुप्त होत्या. फक्त दोघांनी मिळून काढायचं निवेदन उघड होतं, युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर जाणारं, ते तिने आम्हाला फोनवर दाखवलं. दोन्ही बाजूंनी हा वाद सामोपचाराने मिटवला आहे. फिनटन यांनी नेहमीच खेळाडूंच्या हिताला प्राधान्य दिलं, हे युनिव्हर्सिटी मान्य करते. त्यांच्या सेवेबद्दल आभार आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

मी ते दोनदा वाचलं. माझं डोकं सणकलं. "नेहमीच? म्हणजे त्या दिवशीही?"

"ही नेहमीची भाषा असते, उर्मिला. त्याचा कुणी असा अर्थ काढत नाही."

"तिच्या टीममधल्या मुली काढतील. आम्हाला विचारलं का नाहीस? तू आमची वकील आहेस ना?"

तिने फोन परत पर्समध्ये ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी युनिव्हर्सिटीची वकील आहे. इशिता साक्षीदार होती. तुम्हाला ते माहीत होतं ना?"

माहीत होतं. कागदोपत्री माहीत होतं. पण मी तिला चकल्या नेऊन दिल्या होत्या. मला त्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या लाजही वाटली आणि संतापही आला. आपण किती मूर्ख आहोत, कुणी हसून चौकशी केली की आपला म्हणून मोकळे.

"मग मी कुणाला सांगू?" इशिताने विचारलं.

"आता हे मागे टाक," ग्रॉनिया म्हणाली. "तू अजून किती लहान आहेस." आणि खरंच डोळ्यांत पाणी असलेली ती बाई उठून सह्या करायला आत गेली.

आम्ही निघालो तेव्हाच समोरचं दार उघडलं आणि फिनटन बाहेर आला. मी त्याला फोटोतच पाहिलं होतं. पन्नाशीचा, पिकलेल्या केसांचा, थकलेला माणूस. तोंड लपवून सटकेल असं मला वाटलं. तो थांबला. आमच्यासाठी जिन्याचं दार धरून उभा राहिला आणि इशिताला म्हणाला, "काळजी घे हं स्वतःची." आवाजात कुठे टोमणा नव्हता.

"थँक्स, फिनटन," इशिता म्हणाली.

गाडीत ती मागे बसली. नरेंद्रने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मी बोलत सुटले होते: आपण आपला वकील करू, पेपरवाल्यांकडे जाऊ, त्या निवेदनाच्या चिंध्या करू. नरेंद्र नुसता मान हलवत होता. आमच्या दोघांच्याही अंगात काही उरलं नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

"आई," इशिता म्हणाली, "तो रागावलेला नव्हता."

"निर्लज्ज आहे."

"नाही. त्याला माझी दया येत होती. खोटं बोलणारा माणूस असं बघतो का?"

"बघतो. सराईत असला की बघतो."

तिने माझा कोट काढून मांडीवर ठेवला. मग तिने विचारलं, "मी त्याला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस," मी ताबडतोब म्हणाले.

"तुला कसं माहीत? तू तिथे नव्हतीस."

"तूच सांगितलंस आम्हाला. किती वेळा सांगितलंस."

"तेच," ती म्हणाली. "मी आठवायला गेले की मला आपलं टेबल दिसतं. तू समोर बसलेली दिसतेस. मी तुम्हाला सांगितलेलं सगळं आठवतंय, आई. त्याला सांगितलेलं आठवत नाहीये."

नरेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने गाडी सुरू केली आणि आम्ही टॅलाला परत आलो.