कासऱ्याचं दुसरं टोक

कसबा बावड्यातल्या निम्म्या गावाला हंबीरतात्यांनी पोहायला शिकवलं होतं, बायको सोडून. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पोराला उभं करायचं, कमरेला बैलाचा कासरा बांधायचा आणि पाठीत हात घालून ढकलून द्यायचं, ही त्यांची शाळा. पोरगं बोंबलायचं, पाणी प्यायचं, हात मारायचं. तात्या वरनं म्हणायचे, "भिऊ नगंस, कासरा माझ्या हातात हाय." आणि म्हणता म्हणताच कासरा सोडून द्यायचे. सोडलेला सांगायचा नाही, एवढाच त्यातला मंत्र. पोराला कळायचं तेव्हा ते पलीकडच्या काठाला लागलेलं असायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बनाबाईनं विचारलं होतं, "मला शिकवशीला?" तात्या हसले. "बायकांनी काठावर बसून कापडं राखावीत."

तेव्हापासून बनाबाई कापडं राखत होती. विहिरीवर राखली, नदीवर राखली. साखर कारखान्याचा हंगाम संपला की तात्या दर मे महिन्यात गगनबावड्याचा घाट उतरून समुद्राला जायचे, तिथंही राखली. वाळूत बसून ती नवऱ्याचं डोकं लाटांमागं लहान लहान होताना बघायची. तात्या बाहेर यायचे ते तरणे होऊन. तेवढा एक दिवस ते कुणावर खेकसायचे नाहीत, वर तिला भजीसुद्धा आणून द्यायचे. बनाबाईनं मनाशी कधीच नोंद करून टाकली होती : ह्या माणसाचा चांगुलपणा खाऱ्या पाण्यात ठेवलेला हाय, पायजे तर तिथनंच काढायला लागतोय.

आता तात्यांचं डोकं पुसत चाललं होतं. आधी किल्ल्या गेल्या, मग गल्ली गेली, मग माणसं, त्यांत बनाबाईही अधनंमधनं. तरी गेल्या मेमध्ये ते पोहून बाहेर आले आणि टॉवेल मागताना चक्क "बने" म्हणाले. दिवसभर म्हणत राहिले. दिवाळीपासून मात्र ते नाव गेलं ते गेलंच. आता ते तिला "अवं बाई" म्हणत. उभ्या संसारात न मिळालेला मान असा उतारवयात पदरात पडला, आणि तो तिला नको होता. तिला ते जुनं, तुसडं "बने" पाहिजे होतं. समुद्रातनं ते एकदा निघालं होतं, परत निघेल, असा तिचा सरळ हिशेब.

"आई, गुडघाभर पाणी. त्याच्या म्होरं न्हाई," मुलगा संग्राम गाडी चालवता चालवता म्हणाला. "आणि ही शेवटची खेप. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की."

"मग?"

"मग काय? कासरा घेतलाय."

सून स्वप्नाली मागं वळली. "कासरा? आत्ती, लोकं बघतील!"

"बघू देत. बघायलाच आल्यात न्हवं?"

मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर कोकणी माणूस औषधालाही सापडत नाही; सगळं कोल्हापूर तिथं पालथं पडलेलं असतं. कमरेला कासरा बांधलेला म्हातारा पुढं आणि टोक धरून म्हातारी मागं, हे बघून इचलकरंजीकडच्या एका टोळक्याला ऊत आला.

"ओ मावशी, मामास्नी पाण्यावर न्यायलाय व्हय?"

"व्हय की. तुझ्या आयनं तुला मोकळाच सोडलाय वाटतं!"

टोळकं आपसातच हसायला लागलं.

तात्यांचे पाय पाण्याला लागले आणि चाल बदलली. घरात फरशीवर पाय ओढणारा माणूस लाटेला खांदा देऊन उभा राहिला. गुडघा बुडाला, मांडी बुडाली, कंबर बुडाली. "आई, बास!" संग्राम ओरडला. बनाबाईला ते ऐकू आलं, पण ती थांबली नाही. कासरा ताणला, तशी तीच ओढली गेली. लुगडं जड झालं. एका लाटेनं तिचे पाय वाळूवरनं उचलले आणि नाकातोंडात खारट पाणी गेलं.

"अवं!" ती किंचाळली.

तात्या वळले. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण काम दिसल्याची चमक होती. त्यांनी तिला दंडाला धरून उभं केलं, स्वतःच्या कमरेची गाठ सोडली आणि कासरा तिच्या कमरेला बांधला. गाठ एका दमात बसली.

"कुठली गं तू?"

"बावड्याची."

"बावड्याची आणि पवता येत न्हाई? लाज घालवलीस की गावाची! उताणी हो. मान सैल सोड. पोट वर. भिऊ नगंस, कासरा माझ्या हातात हाय."

बनाबाई उताणी झाली. कानांत पाणी शिरलं आणि किनारा, संग्रामच्या हाका, सगळं बंद झालं. वर पांढरंफेक ऊन. लाट यायची, तिला उचलायची, परत हळूच ठेवायची. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ राखायला काही नव्हतं. ती हसली, तोंडात पाणी गेलं, थुंकून परत हसली.

मग तिला एकदम तात्यांची शाळा आठवली. मान उचलून बघितलं, तर कासऱ्याचं दुसरं टोक पाण्यावर मोकळंच हिंदकळत होतं. तात्या पलीकडं टाळ्या पिटत होते आणि धावत आलेल्या संग्रामनं त्यांना मागनं मिठीत धरलं होतं.

"जमलं की पोरीला!" तात्या ओरडले.

ती धडपडत त्यांच्याजवळ गेली. एवढ्यासाठी तर ती आली होती. "माझं नाव काय?" तिनं विचारलं.

तात्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. "तू सांगितलंस कुठं?"

संग्रामनं मान फिरवली.

"बना," ती म्हणाली.

"बरं. उद्या येरवाळी ये. उनं व्हायच्या आत."

"येते की."

संध्याकाळी गाडी घाट चढत होती. कोरडा सदरा घातलेले तात्या खिडकीतनं झाडं बघत होते. डोळ्यांतली मघाची चमक खालीच राहिली होती. मधेच वळून ते म्हणाले, "अवं बाई, ती पोरगी पोचली का घरला?"

"पोचली."

"चांगली हाय. कुणी शिकवली न्हाई म्हणून ऱ्हायली इतके दिस."

बनाबाईनं मांडीवरचा ओला कासरा उचलला आणि खिडकीबाहेर धरून पिळत राहिली.