बशीतली गोळी

“एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, पण हिची सकाळची गोळी चुकवायची नाही. आणि आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाही.”

सासऱ्यांचे हे शब्द मनात घोळवतच सुनेने औषधाच्या दुकानातल्या काचेवर रिकामे पाकीट ठेवले. अंथरुणावरून तिचे मनगट धरून ते बोलले होते. ती ‘हो’ म्हणाली होती. त्याला आता वर्ष होत आले.

दुकानदाराने पाकीट उलटेसुलटे करून पाहिले.

“नाही हो ताई, वरूनच माल येत नाहीये. गावभर फिरलात तरी चपलाच झिजतील.”

“याच्याऐवजी दुसरं काही?”

“आहे की, त्याच घराण्यातलं.” मागच्या खणातून त्याने एक पाकीट काढले, पण हातातून सोडले नाही. “पण जावा एका घरातल्या असल्या म्हणून सारख्या नसतात. ही अंमळ कडक आहे. किती द्यायची ते डॉक्टरीणबाईंना विचारा. त्यांची चिठ्ठी आल्याशिवाय मी नाही देणार.”

तिने तिथूनच फोन लावला. सासूबाईंच्या सांध्यांच्या सुजेवर किती वर्षे ही गोळी चालू आहे, हे ऐकून डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला.

“मग आजचा खाडा नको. हे स्टेरॉइड आहे, इतकी वर्षं बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. अचानक थांबवलं तर माणूस बसल्या जागी कोसळतो.”

चिठ्ठी दुकानदाराच्या फोनवर आली. त्याने मोजून गोळ्या दिल्या.

सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. सुनेने पाण्याचा पेला पुढे केला.

“आई, आज गोळी वेगळी आहे. काम तेच करते.”

“आता कशाला? झाली की घेऊन.”

“कुठली? शेवटची काल दिली मी तुम्हाला.”

“यांनी दिली.” सासूबाईंनी ओठ पुसले. “आज उशीरच केला. म्हटलं, तिकडे गेल्यावर घड्याळ विकलं की काय!”

त्या आपल्याच बोलण्यावर हसल्या. हसताना जिभेवरची पांढरी रेघ दिसली. सुनेने बोटाच्या टोकाने ती टिपली आणि स्वतःच्या जिभेला लावली. कडू. ही चव तिच्या ओळखीची होती. गोळीचे तुकडे करताना बोटांना राहायची.

खिडकीच्या कठड्यावर बशी होती, ओली. सासरे गोळी कधी हातावर देत नसत, बशीत ठेवून पुढे करत. ते गेल्यावर तिनेच ती बशी स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली होती. सासूबाईंचे हात खांद्याच्या वर जात नव्हते.

तिने खण, उशी, कपाट, केराची बादली, सगळे पालथे घातले. वेष्टनाचा कपटासुद्धा मिळाला नाही.

“लपवून ठेवली असेल गं एखादी,” नवरा म्हणाला. “पूर्वी नाही का गोळ्या-बिस्किटं लपवायची?”

“आणि बशी तुम्ही काढलीत?”

त्याने बशीकडे पाहिले आणि तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “एखादी जास्त गेली तर आजच्या दिवस निभावेल. चुकली असेल तर नाही निभावणार. नवी द्या आणि लगेच घेऊन या.”

पण सासूबाईंनी तोंड घट्ट मिटले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात गार पडला होता. उठायला गेल्या तर झोक गेला. सुनेने त्यांना सावरून पुन्हा बसवले.

“आई, ऐका माझं.”

“यांच्या हातची घेतली. आता तुझ्या हातची घेतली तर त्यांना खोटं पाडल्यासारखं नाही का होणार?”

सून त्यांच्या पायाशी बसली.

“बाबांना मी सांगते.”

“काय सांगशील?”

“की आता गोळी मीच देणार. एकही दिवस चुकणार नाही. त्यांनी काळजी करू नये… येऊ नये.”

सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या.

“तोंडावर सांगशील? नाहीतर आपलं माझ्या समाधानासाठी म्हणशील हो हो.”

“तोंडावर सांगेन.”

“मग आत्ताच सांग. गेले नाहीत अजून. आतल्या खोलीत बसलेत.”

त्यांनी तोंड उघडले. सुनेने गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजले आणि घोट खाली उतरेपर्यंत गळ्याकडे पाहत राहिली.

नवऱ्याने आईला गाडीत बसवले. “तू येत नाहीस?”

“तुम्ही व्हा पुढे. मी आलेच मागून.”

गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला. तिने हात धुतले, पुसले, केस नीट केले. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. वर्षभरात ती झाडण्यापुरतीच निघायची. सासरे होते तेव्हा ती दारावर टकटक केल्याशिवाय कधी आत गेली नव्हती.

तिने टकटक केली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला जेवढा वेळ द्यावा लागतो तेवढी थांबली. मग कडी काढली.