ऊनच लागलं असेल

"मना घर कांदासना काय दुकाळ पडना का," द्रौपदाबाई खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या. उशाशी स्टुलावर बसलेल्या चुडामण सरांना ते ऐकू गेलंच.

सरांनी पिशवीभर कांदे नि कैऱ्या आणल्या होत्या. धुळ्यात मे महिन्यात माणूस पडलं की ऊन लागलं, आणि ऊन लागलं की कांदा. रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला म्हणून त्याला काही सूट नाही. द्रौपदाबाई काल दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता कोसळल्या, तेव्हाही सर "ऊन" म्हणाले होते. संशोधन करणारी त्यांची विद्यार्थिनी मंजू खाली बघत राहिली होती.

प्रयोग सरांचा लाडका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, कोळशावर निकेल चढवायचं, तो नळीत भरून भट्टीत लालबुंद करायचा आणि त्यावरून गोबरगॅस सोडायचा. गॅसमधल्या मिथेनचा कार्बन कोळशावर बसणार, पलीकडून निघणार निर्मळ हायड्रोजन. कार्बन बसतोय म्हटल्यावर कोळशाचं वजन वाढायला हवं. ते घटत होतं. गॅस ओला होता, त्यातली वाफ कोळसाच खात होती, आणि मग हायड्रोजनच्या जोडीने कार्बन मोनॉक्साइड निघतो. बिनवासाचा, विषारी. हे वर्गात सरांनीच शिकवलेलं. पण बुधवारी जळगावच्या परिषदेत 'शुद्ध हायड्रोजन' सांगायचा होता.

"काटा जुना झालाय," सर म्हणाले होते. मंजूने मान डोलावली होती.

नळीचं तोंड एरवी खिडकीबाहेर असायचं. काल लू इतकी पेटली होती, की सरांनी नळी आत घ्यायला लावली आणि मंजूने खिडकी घट्ट लावली. बाईंना गार वाटावं म्हणून, असंही ती म्हणाली होती.

आता खाटेपाशी उभ्या असलेल्या मंजूनं पन्ह्याचा पेला पुढे केला. "मावशी, घोटभर घ्या."

"डोकं अजून ठणकस," द्रौपदाबाई उठून बसत म्हणाल्या. "तुमी दोन्ही कामधंदा सोडीसन आठे बसनात, मालेच लाज वाटस. सोमवारी येसू मी."

"घाई नको," सर म्हणाले. "विश्रांती घ्या."

"भट्टी लावतस ना सोमवारी? मंग बाटल्या कोन धुई? खिडकी लाईसन बसू मी, म्हणजे ऊन लागाव नही."

मंजूच्या हातातला पेला तसाच राहिला. तिनं सरांकडे पाहिलं. सर कैरीचं देठ नखाने खरवडत होते.

"सर," ती हळूच म्हणाली, "त्या खिडकी लावून बसणार आहेत."

सरांनी कैरी पिशवीत टाकली. द्रौपदाबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागल्या.

"बाई, ऊन नव्हतं ते," सर म्हणाले. "आमच्या नळीतून विष निघत होतं. आणि आम्हाला दोघांनाही ते ठाऊक होतं."